अदृश्य विष आणि गावाचा निधी



डोळ्यांना न दिसणाऱ्या धोक्याचा शोध घेणे हे शासनाचेच कर्तव्य होय. युरोपातील काही देशांत जमिनीतून घरात शिरणाऱ्या कर्करोगकारक रेडॉन वायूसाठी सार्वजनिक निधी खर्ची पडतो. नारायणगड परिसरातील बेसाल्ट खडकात युरेनियम अल्प. येथला प्रश्न फ्लोराइडचा. बीड जिल्ह्यातील कित्येक विंधन विहिरींत ते आढळले आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेल्यास दात डागाळतात, हाडे आखडतात. पाणी उकळूनही ते जात नाही. धनिक शुद्धीकरण यंत्र घेतो, ऊसतोड मजूर तेच पाणी पितो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१–२६ साठी पंचायतींच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी राखून ठेवली होती. तीतून पाणी किती वेळा तपासले, हा जाब ग्रामसभेत विचारावा. अहवाल चावडीवर लागेपर्यंत कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसू नये.