खेळाची डबी आणि खेळाची गोष्ट

श्रोतेहो, जुनी नाणी आणि पोस्टाची तिकिटे जमवणारी माणसे तुम्ही पाहिली असतील. पण मुलांच्या एका खेळाच्या प्लॅस्टिकच्या डबीसाठी कोणी शेकडो डॉलर मोजतो, असे सांगितले तर? ‘पैसा जास्त झाला!’ असे म्हणून विषय सोडून देऊ नका. त्यामागे एक गोष्ट आहे.

हा खेळ जपानमधला. नाव ‘मदर २’. निन्टेन्डो कंपनीने तो ऑगस्ट १९९४ मध्ये बाजारात आणला. डबी यंत्रात बसवायची, यंत्र टीव्हीला जोडायचे आणि पडद्यावरच्या नायकाच्या जागी आपण उभे राहायचे. गावोगाव फिरायचे, लोकांशी बोलायचे, संकटांना तोंड द्यायचे. अशा जपानी खेळांत तलवारी आणि राक्षस फार. १९८६ चा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ त्याच वळणाचा. पण ‘मदर’ रचणारे शिगेसातो इतोई हे जाहिरातींचे लेखक. त्यांनी नायक केला एक साधा शाळकरी मुलगा, नेस. त्याच्या हातात तलवार नाही, बेसबॉलची बॅट!

आणि गंमत पाहा. खेळ जिथवर आला तिथे जपून ठेवायचा, तर नेसने वडिलांना फोन करायचा. फार दिवस घराबाहेर राहिला की त्याला घरची आठवण येते आणि लढाईत त्याचे लक्ष लागत नाही. मग आईशी बोलले की मन थाऱ्यावर येते. शेवटचा शत्रू तर शस्त्राने हरतच नाही. नेसची सोबतीण पॉला प्रार्थना करते आणि वाटेत भेटलेली माणसे या मुलांसाठी प्रार्थना करू लागतात. अखेरीस ती हाक खुद्द खेळणाऱ्यापर्यंत पोहोचते. शिक्षकबंधूंनो, वाचकाला गोष्टीत ओढून घेणे म्हणतात ते हेच.

हा खेळ तयार होतानाच बुडायच्या बेतात होता. तेव्हा सातोरू इवाता मदतीला आले. आहे तेच दुरुस्त करायला दोन वर्षे लागतील, नव्याने केले तर सहा महिने, असा त्यांचा हिशेब होता. हेच इवाता २००२ मध्ये निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले.

अमेरिकेत तो जून १९९५ मध्ये ‘अर्थबाउंड’ या नावाने आला. मोठी पेटी, आत मार्गदर्शक पुस्तक. जाहिरात मात्र अशी की, हा खेळ घाण वास मारतो! अपेक्षेइतका तो खपला नाही. पुठ्ठ्याच्या पेट्या कचऱ्यात गेल्या. पुढे चाहते वाढले आणि पेटी-पुस्तकासह शाबूत प्रतीची किंमत हजार डॉलरच्या वर गेली. भाव चढला तशा नकली डब्याही आल्या.

२०१३ पासून हा खेळ नव्या यंत्रांवरही मिळू लागला. तरी जुन्या पेटीचा भाव टिकला. म्हणजे संग्राहक खेळ विकत घेत नाही, वस्तू घेतो. पण त्या डबीत एक लहानशी बॅटरी असते. ती संपली की कोणा मुलाने जपून ठेवलेला खेळ पुसला जातो. काचेच्या कपाटात ठेवून तो वाचत नाही.

तेव्हा श्रोतेहो, वस्तू जरूर जपा. पण तिच्यातली गोष्ट कोणाला तरी सांगून ठेवा. पेटीला गिऱ्हाईक पुष्कळ मिळतील. गोष्टीला मात्र ऐकणारा लागतो.