पहिली नोकरी : गावात की परगावी?

परिचारिकेचा शिक्षणक्रम पुरा झाला, निकाल लागला, प्रमाणपत्र हाती आले, की घरात पहिला प्रश्न उभा राहतो तो नोकरीचा; आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, अधिक अवघड असा : मुलीने गावातच राहावे की परगावी जावे? हा प्रश्न बहुधा भावनेच्या भरात सोडविला जातो. आई म्हणते, तू एकटी कशी राहशील; मैत्रीण म्हणते, मुंबईवाचून पुढे काही नाही. दोघींच्या म्हणण्यात थोडेबहुत तथ्य आहे. परंतु निर्णयाला जो पाया हवा, तो त्यांत सापडत नाही.

सुरत जिल्ह्यातील कामरेजचे उदाहरण घेऊन या प्रश्नाचा विचार करता येईल. तापीकाठचे हे तालुक्याचे गाव सुरतेपासून सुमारे वीस किलोमीटरवर, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वसलेले आहे. मराठी माणसाला ते अगदीच परके नाही. १९४९ पर्यंत हा मुलूख बडोद्याच्या गायकवाडांच्या नवसारी प्रांतात मोडत असे. त्यानंतर १ मे १९६० पर्यंत तो मुंबई राज्यात होता. पुढे सुरतेच्या यंत्रमागांवर काम मिळते म्हणून धुळे, जळगाव, नंदुरबारकडील हजारो कुटुंबे या बाजूस आली आणि इथलीच होऊन राहिली. अशाच एखाद्या घरातील मुलगी सुरतेस परिचर्येचे शिक्षण घेऊन आज कामाच्या शोधात आहे, असे समजू. तिच्यापुढे तीन वाटा आहेत. कामरेज-सुरतेतच एखादे रुग्णालय पाहावे; मुंबई-पुण्यास जावे; अथवा सरकारी भरतीची जाहिरात निघेपर्यंत घरी थांबावे.

यांपैकी तिसरी वाट सर्वांत सुरक्षित वाटते आणि सर्वांत घातक तीच होय. शिरेत नेमकी सुई घालणारा हात, औषधाची मात्रा पुन्हा एकदा ताडून पाहण्याची सवय, रुग्णाच्या चेहऱ्यावरून येऊ घातलेला धोका ओळखणारी नजर, या गोष्टी वहीत टिकत नाहीत, कामातच टिकतात. वर्षभर घरी बसलेल्या मुलीचे प्रमाणपत्र तेच राहते, हात मात्र तोच राहत नाही. सरकारी परीक्षा अवश्य द्यावी, परंतु काम करीत असताना द्यावी. तिच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घरच्यांनी आधीच समजून घेतली पाहिजे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊन राहिलेल्या कुटुंबाला मूळ राज्यातील जातीच्या आधारावर नव्या राज्यात आरक्षणाचा हक्क सांगता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली दिला आहे. आजोबांच्या गावचा दाखला कोणत्या राज्यात उपयोगी पडेल, हे अर्ज भरण्यापूर्वीच पाहिलेले बरे.

राहता राहिल्या दोन वाटा. मुंबईला जावयाचे तर पहिली अडचण कागदाची. मुंबई राज्य एक असताना सुरतेच्या आणि धुळ्याच्या परिचारिकेची नोंद एकाच वहीत होत असे. आज गुजरातची परिचर्या परिषद अहमदाबादेस आहे आणि महाराष्ट्राची मुंबईस. म्हणून गुजरातेत नोंदलेल्या मुलीला महाराष्ट्रात काम करावयाचे असेल, तर आपल्या परिषदेकडून ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन तिकडे नव्याने नोंदणी करावी लागते. २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग कायद्याने देशभरच्या नोंदवहीची तरतूद केली आहे. तथापि राज्याच्या नोंदवहीचे महत्त्व त्यामुळे संपलेले नाही. या कामाला वेळ लागतो. तेव्हा घर सोडण्यापूर्वीच अर्ज करावा. मूळ प्रमाणपत्रे तपासणीसाठी दाखवावीत, पण कोणाच्याही कपाटात ठेवावयास देऊ नयेत. ज्या ठिकाणी ती अडकवून ठेवतात, तेथून उद्या निघणेही आपल्या हाती राहत नाही.

दुसरी गोष्ट पगाराची. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१६ साली केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने काही शिफारशी केल्या. दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयाने सरकारी परिचारिकेइतके वेतन द्यावे. शंभर ते दोनशे खाटा असतील तर त्याहून दहा टक्क्यांपेक्षा, आणि पन्नास ते शंभर असतील तर पंचवीस टक्क्यांपेक्षा कमी देऊ नये. पन्नासांहून कमी खाटा असल्या तरी दरमहा वीस हजार रुपयांच्या खाली जाऊ नये. या शिफारशी सर्वत्र अमलात आलेल्या नाहीत. तरीही समोर आलेला आकडा जोखण्यास हे माप उपयोगी पडते. मुंबईचा आकडा मोठा दिसतो, परंतु त्यातून खोलीचे भाडे आणि खाणावळ वजा करून मगच त्याची तुलना करावी. समजा, तेथे सहा हजार अधिक मिळतात आणि राहण्या-जेवण्यात नऊ हजार जातात. तर शिक्षणासाठी काढलेले कर्ज मुंबईच्या पगाराने लवकर फिटेल, ही आशा फोल ठरते.

मात्र पैशाचा हिशेब येथेच संपवून चालणार नाही, कारण पहिल्या नोकरीची खरी मिळकत वेगळीच असते. पहिली दोन वर्षे ज्या सिस्टरच्या हाताखाली जातात, तिच्या सवयी जन्मभर अंगी राहतात. दहा खाटांच्या शुश्रूषागृहात नवशिक्या मुलीला पहिल्याच आठवड्यात एकटीने रात्रपाळी करावी लागत असेल, तर ते घराजवळ असून काय उपयोग? तिच्याकडून चूक झाली तर ती सावरायला कोणी नाही, आणि त्या चुकीची किंमत रुग्ण भरतो. म्हणून मुलाखतीला गेल्यावर तिने पगाराबरोबर हेही विचारावे : रात्री वॉर्डात अनुभवी सिस्टर असते काय? एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात? वर्षभरात किती विभागांत काम मिळेल? राहण्याची सोय कोठे आहे, आणि रात्रपाळी संपल्यावर तेथे पोहोचायचे कसे?

या व्यवसायाचा इतिहासही हेच सांगतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ साली घरच्यांच्या मनाविरुद्ध जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे गेली, ती शिकण्यासाठी. पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी विधवा आणि निराधार स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्या शिकण्यास पाठविले, तेव्हा त्यांच्या राहण्याची आणि पाठराखणीची व्यवस्थाही केली. केरळच्या मुली आज देशोदेशीच्या रुग्णालयांत दिसतात. त्यांच्यामागेही आधी गेलेली बहीण, मावशी किंवा गावची ओळखीची सिस्टर असते. एकीने जावे, जागा पारखावी, मग दुसरीला बोलवावे, अशी ती रीत आहे. परगावी जाणे आणि निराधार होणे या एकच गोष्टी नव्हेत.

आता कामरेजच्या मुलीचे काय? तिने प्रथम सुरतेतील मोठी रुग्णालये पाहावीत. सरकारी नवे सिव्हिल आहे, महापालिकेचे स्मीमेर आहे, काही मोठी खासगी रुग्णालयेही आहेत. अशा ठिकाणी चांगल्या देखरेखीखाली जागा मिळत असेल, तर थोडा कमी पगार पत्करूनही ती घ्यावी. घरचे छप्पर कायम राहते आणि विद्याही वाढते. तशी जागा मिळत नसेल, तर केवळ घर जवळ आहे म्हणून मिळेल तेथे चिकटून राहू नये. मुंबईस जावे, परंतु नोंदणी, राहण्याची जागा आणि ओळखीचे एक तरी माणूस, या तिन्ही गोष्टी पक्क्या करूनच गाडीत बसावे. किती काळासाठी जात आहोत, हेही घरच्यांशी आधी बोलून ठरवावे.

कारण परतण्याजोगे कामही कामरेजच्या आसपास भरपूर आहे. दर गळीत हंगामात धुळे-नंदुरबार आणि डांगच्या बाजूने ऊसतोडणीची कुटुंबे दक्षिण गुजरातच्या कारखान्यांवर येतात. उसाच्या फडाशेजारी पडाव टाकून राहणाऱ्या एखाद्या गर्भवतीला जेव्हा दवाखान्यात आणतात, तेव्हा तिला कोठे दुखते ते तिच्याच बोलीत विचारणारी परिचारिका तेथे असणे किती मोलाचे आहे! गुजराती डॉक्टर आणि खानदेशी रुग्ण यांच्यामध्ये उभी राहू शकेल अशी मुलगी मुंबईच्या कोणत्याही महाविद्यालयातून सहजी मिळणार नाही. ती भाषा तिला घरात मिळाली आहे. हातातले कौशल्य मात्र जेथे नीट शिकवतील तेथे जाऊनच मिळवावे लागेल.