न झालेल्या गोलांचा हिशेब
(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)



फुटबॉलच्या नोंदवहीत गोल करणाऱ्याचं नाव मिनिटासकट लिहिलं जातं. गोल होऊ न देणाऱ्यासाठी मात्र तिथे रकानाच नसतो. गोलरक्षकाने झेप घेऊन चेंडू अडवला तर निदान टाळ्या पडतात. त्याच्या पुढे दहा पावलांवर उभा असलेला बचावपटू चेंडू तिथवर पोहोचूच देत नाही, आणि मग झेप घ्यायची वेळच येत नाही. काम जितकं चोख, तितकं ते कमी दिसतं. आज मी अशा एका माणसाबद्दल बोलणार आहे. त्याचं नाव व्वादिस्वाव झ्मुदा. पोलंडचा बचावपटू, जन्म 6 जून 1954, गाव लुब्लिन.

पोलंड म्हटलं की आपल्याकडे कोल्हापूरच्या लोकांना वळिवडे आठवतं. दुसऱ्या महायुद्धात तिथे हजारो पोलिश निर्वासितांची वसाहत होती. बाकीच्यांना तो देश बातम्यांतून माहीत असतो. या माणसाचं नाव मात्र फुटबॉलवेड्या कोल्हापुरातही फार जणांना ठाऊक नसेल.

मी कवी माणूस, त्यामुळे नावापाशी थोडा थांबतो. पोलिश भाषेत ‘झ्मुदनी’ असं एक विशेषण आहे. चिकाटीचं, वेळखाऊ, कंटाळा आणणारं काम असा त्याचा अर्थ. आडनावाचा आणि या शब्दाचा काही संबंध आहे की नाही ते भाषातज्ज्ञ सांगोत. मला हा योगायोग आवडला, कारण या माणसाने आयुष्यभर नेमकं तेच काम केलं.

1974 चा विश्वचषक पश्चिम जर्मनीत झाला. काझिमियेझ गुर्स्की यांनी बांधलेला पोलंडचा संघ तिथे आला तेव्हा त्याच्याकडून कोणी फारशी अपेक्षा ठेवली नव्हती. त्या संघाने अर्जेंटिनाला हरवलं, इटलीला हरवलं, आणि शेवटी तिसऱ्या क्रमांकासाठी ब्राझीललाही हरवलं. ग्झेगोश लातो या टकल्या, वाऱ्यासारख्या पळणाऱ्या खेळाडूने सात गोल केले आणि तो स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा ठरला. बचावाच्या मधोमध दोघे उभे असायचे. एक येझी गोर्गोन, धिप्पाड, सोनेरी केसांचा. दुसरा झ्मुदा, नुकती विशी गाठलेला. तो सातही सामने खेळला आणि स्पर्धेतला सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला.

आजचा काळ असता तर त्या उन्हाळ्यातच त्याच्या दारात मोठ्या क्लबांचे दलाल रांगेने उभे राहिले असते. माद्रिद, म्युनिक, मिलान, कुठेही तो गेला असता. पण तो गेला वॉर्सॉच्या ‘ग्वार्दिया’ क्लबातून व्रोत्सवावच्या ‘श्लॉन्स्क’मध्ये. म्हणजे पोलिसांच्या क्लबातून लष्कराच्या क्लबात.

हे समजून घ्यायला त्या वेळची व्यवस्था थोडी सांगावी लागेल. कम्युनिस्ट राजवटीत धंदेवाईक खेळाडू ही गोष्टच अधिकृतपणे अस्तित्वात नव्हती. क्लब कोणाचे, तर पोलीस खात्याचे, लष्कराचे, खाणींचे, कारखान्यांचे. खेळाडू कागदावर सैनिक, कामगार किंवा खाणमजूर असायचा आणि प्रत्यक्षात दिवसभर फुटबॉल खेळायचा. याचा एक फायदा असा की तो हौशी म्हणून ऑलिंपिकला जाऊ शकायचा. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये पोलंडने रौप्यपदक मिळवलं, त्यात झ्मुदाही होता. तोटा असा की पासपोर्ट सरकारच्या कपाटात. परदेशी क्लबाकडून खेळायचं असेल तर वयाची तिशी जवळ आलेली असावी आणि देशासाठी पुरेसे सामने झालेले असावेत, अशी अट होती. देशाला जे हवं ते देऊन झालं की उरलेलं बाहेर विकायचं, असा साधा हिशेब.

नावं आणि वयं पाहिली तर हा हिशेब लगेच डोळ्यांत भरतो. काझिमियेझ देयना, त्या संघाचा मेंदू, 1978 मध्ये मँचेस्टर सिटीत गेला तो एकतिसाव्या वर्षी. लातो बेल्जियमला गेला, शार्माख फ्रान्सला गेला, दोघेही तिशीत. गोर्गोन स्वित्झर्लंडला गेला, वय एकतीस. आघाडीच्या खेळाडूला तिशीनंतरही चार-दोन गोल मारून नाव राखता येतं. बचावपटूचं तसं नसतं. त्याचं भांडवल म्हणजे गुडघे, घोटे आणि कंबर. उडी मारून डोक्याने चेंडू काढायचा, धावत्या माणसाच्या पायात पाय घालायचा, पुन्हा उठायचं. हे भांडवल बारा वर्षं रोज खर्च झाल्यावर बाजारात त्याची काय किंमत येणार?

1980 साली आणखी एक प्रकरण घडलं. 29 नोव्हेंबरला पोलंडचा संघ वॉर्सॉच्या ओकेन्चे विमानतळावरून इटलीला निघाला होता. तिथे सराव करून पुढे माल्टाशी सामना खेळायचा होता. गोलरक्षक युझेफ म्विनार्चिक रात्रभर जागून, प्यायलेल्या अवस्थेत आला. प्रशिक्षक कुलेशा म्हणाले, हा येणार नाही. तेव्हा तीन सहकारी अडून बसले : झ्बिग्नियेव्ह बोनिएक, स्तानिस्वाव तेर्लेत्स्की आणि झ्मुदा. अखेर म्विनार्चिकलाही नेण्यात आलं, पण वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर गदारोळ झाला. चौघांना इटलीतून परत बोलावलं, त्यांच्यावर बंदी आली, आणि या सगळ्यात कुलेशांचंही पद गेलं. तेर्लेत्स्की पुन्हा कधीच देशाकडून खेळला नाही.

आता दारू पिऊन विमानतळावर येणाऱ्याची बाजू घ्यावी का? शिस्त पाहिली तर नाही. पण बोनिएक तापट होता, तेर्लेत्स्की राजवटीचा उघड विरोधक होता, त्यांचं अडून बसणं समजतं. झ्मुदा त्यांच्यात का उभा राहिला असेल, याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, ती बचावपटूची सवय असावी. आपल्या मागे उभा असलेला गोलरक्षक हा आपला माणूस, तो चुकला तरी आधी त्याच्या आणि समोरच्याच्या मध्ये उभं राहायचं, हिशेब नंतर. हे अर्थात माझं कवीचं अनुमान, पुरावा म्हणून घेऊ नका.

बंदी संपली, तिघे संघात परतले. तोवर देश बदलला होता. 13 डिसेंबर 1981 ला पोलंडमध्ये लष्करी कायदा पुकारला गेला. ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार संघटनेचे नेते आणि कार्यकर्ते डांबले गेले. लेक वालेन्सा नजरकैदेत होते. अशा वेळी, 1982 च्या उन्हाळ्यात, पोलंडचा संघ स्पेनमध्ये विश्वचषक खेळायला उतरला. कर्णधार होता झ्मुदा.

त्या स्पर्धेतला एक सामना मला फार मोलाचा वाटतो, आणि त्यात एकही गोल झाला नाही. 4 जुलै, बार्सिलोनाचं कॅम्प नोऊ मैदान, समोर सोव्हिएत संघ. गटाचं गणित असं होतं की पोलंडला बरोबरी पुरेशी होती. त्यांनी बेल्जियमला तीन गोलांनी हरवलं होतं, सोव्हिएत संघाने एकाच. म्हणजे उपांत्य फेरी गाठायची तर नव्वद मिनिटं काही घडू द्यायचं नव्हतं. प्रेक्षकांत ‘सॉलिडॅरिटी’चे लाल अक्षरांतले फलक झळकत होते. घरी संचारबंदी आणि चिलखती गाड्या पाहिलेली माणसं मैदानावर होती, आणि समोर त्या राजवटीच्या पाठीराख्या महासत्तेचे खेळाडू. त्या खेळाडूंचा यात काय दोष, हेही खरंच. पण मायदेशी जे लोक हा सामना पाहत होते त्यांच्या दृष्टीने तो नुसता फुटबॉल नव्हता.

नव्वद मिनिटं काही घडलं नाही. चेंडू येत राहिला आणि परत जात राहिला. शेवटच्या काही मिनिटांत स्मोलारेक चेंडू घेऊन कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी जाऊन उभा राहिला, पाठ करून, कोणालाही चेंडू न देता. पोलंडमध्ये त्याचं ते कोपऱ्यात वेळ काढणं अजून आठवतात. त्याआधीचा सगळा वेळ बचावफळीने काढला होता, तो कोणाला फारसा आठवत नाही. सामना 0-0 सुटला, पोलंड उपांत्य फेरीत गेला. तिथे इटलीच्या पावलो रोसीने दोन गोल केले. बोनिएक पिवळ्या कार्डांमुळे बाहेर बसला होता. मग फ्रान्सला 3-2 हरवून पुन्हा तिसरा क्रमांक. झ्मुदा पुन्हा सातही सामने खेळला.

त्यानंतर दार उघडलं. बोनिएकला अपवाद म्हणून सव्विसाव्या वर्षीच सोडलं, तो युव्हेंटसमध्ये गेला. अठ्ठावीस वर्षांचा झ्मुदा इटलीतच व्हेरोनाला गेला. तोवर तो पोलंडचा तीनदा लीगविजेता झाला होता, एकदा श्लॉन्स्कबरोबर आणि दोनदा वूचच्या विद्झेव क्लबाबरोबर. वूच हे कापडगिरण्यांचं शहर, विद्झेव तिथली कामगारवस्ती. इटलीची लीग त्या वेळी जगातली सर्वांत कठीण मानली जायची आणि बचाव ही तर तिथली खास विद्या. म्हणजे माणूस योग्य ठिकाणी पोहोचला होता. फक्त उशिरा.

पुढची कथा मी भराभर सांगतो, कारण ती घडलीच कमी. दुखापत झाली आणि दोन हंगामांत त्याचे लीग सामने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच झाले. दरम्यान, तो सोडून आला तो विद्झेव क्लब 1983 मध्ये लिव्हरपूलला नमवून युरोपियन चषकाच्या उपांत्य फेरीत गेला. इटालियन क्लबांना तेव्हा दोनच परदेशी खेळाडू ठेवता यायचे. 1984 मध्ये झ्मुदा बाहेर पडला, व्हेरोनाने डेन्मार्कचा एल्कियर आणि जर्मनीचा ब्रिगेल आणले, आणि 1985 मध्ये व्हेरोना इटलीचा विजेता झाला. त्या क्लबाच्या इतिहासातलं ते एकमेव विजेतेपद. झ्मुदा 1984 मध्ये न्यूयॉर्कच्या ‘कॉसमॉस’कडे गेला. ज्या क्लबात पेले आणि बेकनबाउर खेळून गेले तोच हा क्लब, पण ती अमेरिकन लीग त्याच हंगामानंतर बंद पडली.

मग क्रेमोना. व्हायोलिन घडवणाऱ्या स्ट्राडिव्हारीचं गाव. तिथला ‘क्रेमोनेझे’ हा लहानसा क्लब पहिल्या श्रेणीत नुकता आला होता. झ्मुदा आला त्याच हंगामात तो तळाला राहून पुन्हा दुसऱ्या श्रेणीत घसरला. झ्मुदा त्याच्याबरोबर खाली गेला आणि 1987 पर्यंत तिथेच खेळला. त्याच वर्षी पोर्तोने युरोपियन चषक जिंकला. गोलरक्षक होता म्विनार्चिक, आणि विजयी गोल केला ब्राझीलच्या ज्युआरीने, जो दोन वर्षांपूर्वी क्रेमोनेझेत झ्मुदाचा सहकारी होता.

परदेशी कारकीर्दीचा हा तक्ता पाहून कोणीही म्हणेल, फसलेली कारकीर्द. मला हा निकाल मान्य नाही. ज्या वर्षांत त्याचं मोल ठरायला हवं होतं ती वर्षं बाजारात आलीच नव्हती. उरलेल्या चतकोरावरून भाकरीची चव सांगू नये.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, आणि ती मला थोडी अस्वस्थ करते. गुर्स्कींचा संघ इतका एकजीव कसा झाला? 1974 साली सगळे खेळाडू घरीच होते, पोलिश क्लबांतच खेळत होते. प्रशिक्षकाने हाक मारली की जमत होते. बंद दाराआडच तो संघ घडला. पुढे राजवट गेली, 1995 च्या बोस्मन निकालाने युरोपातली बंधनं सैल झाली, 2004 मध्ये पोलंड युरोपीय संघात आला. आता तिथली पोरं विशीतच जर्मनीला, इटलीला जातात. वुकाश पिश्चेक दहाहून अधिक वर्षं डॉर्टमुंडमध्ये खेळला. कामिल ग्लिक तोरिनोचा कर्णधार झाला. मार्चिन वाशिलेव्स्कीचा पाय 2009 मध्ये बेल्जियममध्ये मोडला होता, आणि 2016 मध्ये तो लेस्टरबरोबर इंग्लंडचा विजेता ठरला. या सगळ्यांना जे मिळालं ते झ्मुदाला मिळालं नाही. मात्र पोलंडला विश्वचषकाची उपांत्य फेरी 1982 नंतर पुन्हा दिसलेली नाही. म्हणून कोणी मला ते पासपोर्टाचं कपाट परत आणा असं म्हणालं, तर मी त्याच्याशी भांडेन. माणसाच्या गुडघ्यांवर सरकारचा हक्क नसतो, तिसरा क्रमांक मिळाला तरी नसतो.

1986 चा मेक्सिकोतला विश्वचषक आपल्यापैकी अनेकांनी दूरदर्शनवर पाहिला आणि त्यांच्या लक्षात मॅराडोना राहिला. झ्मुदाही तिथे होता, बत्तीस वर्षांचा, दुसऱ्या श्रेणीच्या क्लबातून आलेला. गटातले तिन्ही सामने तो बाकावर बसून होता. 16 जूनला ग्वादालाहारात पोलंड ब्राझीलकडून 4-0 हरत होता. सात-एक मिनिटं उरली असताना प्रशिक्षक पियेखनिचेक यांनी त्याला मैदानात उतरवलं. त्या सात मिनिटांनी त्याचे विश्वचषकातले सामने 21 झाले, म्हणजे जर्मनीच्या उवे झेलरच्या विक्रमाइतके. पुढे जर्मनीचा माथेउस आणि मग मेस्सी त्याच्या पुढे गेले.

पंचांनी शिट्टी वाजवली. देशासाठीचा त्याचा 91 वा आणि अखेरचा सामना संपला होता. सुट्टी संपवून तो क्रेमोनाला परतला. तिथे दुसऱ्या श्रेणीचा एक हंगाम अजून बाकी होता.