नाट्यगृह कुणाचे?



वाशीमला येऊन कलेची थोरवी सांगणे म्हणजे आजोळी जाऊन मामाचीच ओळख करून देण्यासारखे आहे! आपले हे गाव वाकाटकांचे वत्सगुल्म. येथल्या सर्वसेन राजाने प्राकृतात 'हरिविजय' रचले. राजशेखराने तर 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न याच नगरीत लावले. पण ते 'हरिविजय' आज कोठे आहे? इतरांच्या ग्रंथांत उरलेल्या अवतरणांपुरतेच. निर्माण करणे ही एक गोष्ट आणि सांभाळणे ही दुसरी. आज मला या दुसऱ्या गोष्टीविषयी बोलायचे आहे.

कोल्हापूरचे उदाहरण घ्या. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोप पाहून आले. पुढे त्यांनी खासबागेत कुस्तीचे मैदान बांधविले आणि त्याला लागूनच १९१५ पर्यंत 'पॅलेस थिएटर' उभे केले. मल्ल आणि नट यांना त्यांनी शेजारी बसविले. दोघांनाही प्रेक्षक लागतो, हे त्या राजाने ओळखले होते.

१९५७ साली या नाट्यगृहास केशवराव भोसले यांचे नाव दिले गेले. 'ललितकलादर्श'चा हा कोल्हापूरचा सुपुत्र १९२१ च्या जुलैत बालगंधर्वांबरोबर टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'मध्ये उभा राहिला आणि ऑक्टोबरात, एकतिसाव्या वर्षी, गेला. राजवाड्याचे नाव गेले, नटाचे आले. वास्तू राजाची होती, ती लोकांची झाली!

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ती आगीत सापडली. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. जळते नाट्यगृह पाहून माणसे रडली, आणि ते होते तसेच पुन्हा उभारा, अशी मागणी झाली. लाकूड आणि पत्रे यांसाठी कोणी रडत नाही. जेथे आपण चारचौघांत हसलो, रडलो, त्या जागेसाठी माणूस रडतो.

मी आपणांस एवढेच विचारतो : आपल्या गावातली अशी जागा कोणती? सभागृह असो, देवळाचा मंडप असो की शाळेचा पटांगणातला कट्टा असो. तिच्या तिकिटाला आपला हात खिशात जातो काय? तिचे गळके छप्पर आणि जुन्या विजेच्या तारा यांची विचारपूस आपण करतो काय? की आग लागल्यावरच आपणांस तिची आठवण होणार?

राजे आता बांधून देणार नाहीत. जे आहे ते आपण सांभाळू या.