हे मी खायचं की लेकरांनी?



डॉक्टर, आहारतज्ज्ञ, आशाताई आणि अंगणवाडीताईंची ही परिषद किनवटला घेतलीत आणि अध्यक्षपद मला दिलंत, मी आपला ऋणी आहे. अध्यक्षाने वर्षभरातल्या संशोधनाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. तो मी लिहायलाही घेतला होता. पण वीस-बावीस वर्षं एक गोष्ट मनात साठली आहे, ती आज नाही बोललो तर कधी बोलणार? आपण पेशंटला काय खायचं ते सांगतो. त्याच्या घरात काय शिजतं ते विचारत नाही.

आज सकाळी इथे, दिवसातून दोनदा जेवावं की दर दोन तासांनी खावं, यावर खडाजंगी झाली. हा वाद जुनाच आहे. डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी आपल्या लातूरला असताना दिवसातून दोनच जेवणं, प्रत्येक 55 मिनिटांच्या आत, हे घरोघर पोचवलं. ऋजुता दिवेकर दर दोन तासांनी थोडं खा म्हणतात. माझ्यापुरता हा वाद एका बाईने मिटवला.

कापूस वेचणीचे दिवस होते. पैनगंगेकाठच्या गावातली बाई, हिमोग्लोबिन सात. कुठल्याशा शहरातल्या दवाखान्याचा छापील तक्ता तिने रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवला होता. 8 वाजता भिजवलेले बदाम, 11 वाजता डाळिंब, 4 वाजता खजूर. तो माझ्यापुढे ठेवून तिने विचारलं, "डॉक्टरसाहेब, हे मी खायचं की लेकरांनी?"

तसलाच तक्ता तेव्हा माझ्याही टेबलावर होता. त्या दिवशी तो मी ड्रॉवरमध्ये टाकला आणि पहिल्यांदा विचारलं, "माय, काल काय खाल्लंस?" ती दोनदाच जेवत होती. पथ्य म्हणून नव्हे, चूल दोनदाच पेटते म्हणून. घरात जवारी होती, तूर होती, अंबाडी होती, बांधावर लिंबू होतं. जेवण झालं की लगेच कोरा चहा. लोहाच्या गोळ्या मी दिल्याच. पण चहा जेवणापासून तासभर लांब नेला, कारण त्यातलं टॅनिन अन्नातलं लोह आतड्यात शोषू देत नाही. वरणावर लिंबू पिळायला सांगितलं, ते उलट काम करतं.

मग तिच्याच फडक्यातली भाकर मोडून तिला एक घास चावायला लावला, गिळायचा नाही म्हणून. मिनिटभराने ती म्हणाली, "गोड लागायलंय." लाळ पिठाची साखर करते ती अशी. पचन तोंडातच सुरू होतं, हे तिला तक्त्याने कधी कळलं नसतं. वेचणीच्या घाईत ती घास पाण्याबरोबर उतरवत होती आणि रात्रभर पोट धरून बसत होती.

ज्वारीचा मी आंधळा भक्त नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन यांनी 1960 च्या सुमारास दाखवलं होतं की दख्खनमधल्या निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा कुपोषणाचा आजार होतो; ज्वारीतल्या जास्तीच्या ल्युसिन या अमिनो आम्लाकडे त्यांनी बोट दाखवलं. म्हणजे भाकरीला वरण हवं, शेंगदाण्याची चटणी हवी. पण म्हणून भाकरीच्या जागी ओट्स लिहून देणाऱ्यांशी मी भांडणार, आणि आज या माइकवरून भांडतो आहे. ज्या घरात ओट्स शिजत नाहीत, त्या घराला तुम्ही काहीच लिहून दिलेलं नसतं!

या परिषदेने तालुक्याच्या जेवणाची एक नोंदवही करावी: कोणत्या हंगामात काय शिजतं, कोण कधी जेवतं, शेवटी कोण बसतं. कोलाम, गोंड, आंध, बंजारा, सगळ्यांच्या चुलींची. कोणी लिहायची, कशी लिहायची, ते जेवणाच्या सुट्टीत बसून ठरवू.

पहिलं पान मी आणलं आहे. त्यावर त्याच बाईचं जेवण आहे, तिने सांगितलं तसं. दहा वाजता शेतात भाकर, अंबाडीची भाजी, कांदा. रात्री, सगळ्यांचं झाल्यावर, उरलं तर.