खोकल्याची बाटली

हिंगोली जिल्ह्यांतील आमच्या पुसेगांवीं, माझ्या लहानपणीं, खोकला झाला कीं अडुळशाचा काढा मिळे. तो इतका कडू असे, कीं दुसरा घोट कोणीहि मागत नसे. आतांचें औषध गोड आहे, आणि धोका तेथेंच आहे.

खोकल्याच्या कांहीं औषधांत कोडीन असतें. तें अफूच्या कुळांतलें. शरीरांत गेल्यावर त्याच्या कांहीं अंशाचें मॉर्फीन बनतें. १८९८ सालीं जर्मनींत हेरॉइनसुद्धां खोकल्याचें औषध म्हणूनच बाजारांत आलें होतें! कोडीनच्या ठरल्या मात्रेनें खोकला दबतो. बाटली रिचविली तर गुंगी येते, श्वास मंदावतो, आणि जोडीस मद्य किंवा झोपेची गोळी असेल तर तो थांबूंहि शकतो. म्हणून २०१४ पासून, डॉक्टरांची चिठ्ठी पाहून केलेल्या प्रत्येक विक्रीची नोंद दुकानदारानें तीन वर्षें जपावी, असा नियम आहे.

परंतु ती वही दुकानांत असते. मूल आपल्या घरांत असतें. माझा एक विद्यार्थी शहरांत शिकावयास गेला. सुटींत आला तेव्हां त्याच्या पिशवींत तीन रिकाम्या बाटल्या सांपडल्या. वडिलांनीं त्यास मजकडे आणलें. मीं तासभर उपदेश केला. 'हें कशासाठीं घेतोस, बाळ?' असें मात्र एकदांहि विचारलें नाहीं. तो पुन्हां माझ्याकडे आला नाहीं.

श्रोतेहो, व्यसन हा आजार आहे, आणि त्यावर उपचार आहेत. बाटली कुलुपांत अवश्य ठेवा. पण मूल बोलूं लागलें, तर आधीं ऐकून घ्या. मीं तें केलें नाहीं.