बिनकचेरीची नोकरी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली, ती पुणे-नगर मार्गावर. तेव्हापासून या रस्त्यानं आपल्या जिल्ह्यातली किती मुलं नोकरीसाठी पुण्याला गेली, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. क्षेत्रफळानं आपला जिल्हा महाराष्ट्रात सर्वांत मोठा. २०२४ मध्ये त्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण कामासाठी घर सोडायची रीत जुनीच राहिली. पाथर्डी-शेवगावकडची माणसं दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात आणि संगमनेर-राहुरीकडची शिकलेली मुलं पदवी घेऊन हिंजवडीला. काम असेल तिथं माणसानं जायचं, हा नियम आपण सगळ्यांनीच मान्य केलेला आहे.

हा नियम उलटा झाला, म्हणजे कामच माणसाच्या घरी आलं, तर काय होतं, याविषयी मला आज बोलायचं आहे. मी एका संगणक कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. या कंपनीला कचेरी नाही. शहरातही नाही आणि परदेशातही नाही. कंपनी चालवणारे, हिशेब ठेवणारे, प्रोग्रॅम लिहिणारे सगळे आपापल्या घरून काम करतात. मी संगमनेर तालुक्यातल्या आमच्या घरून करते.

अनेकांना वाटतं, ही कल्पना करोनात जन्मली. तसं नाही. जॅक नाइल्स या अमेरिकन अभियंत्यानं १९७३ मध्येच कचेरीत न जाता दुरून काम करण्याला नाव दिलं होतं. वर्डप्रेसमागची ऑटोमॅटिक ही कंपनी २००५ पासून विखुरलेल्या माणसांवर चालते. गिटलॅब नावाच्या कंपनीला मुख्य कचेरीच नाही, तरी ऑक्टोबर २०२१ मध्ये तिचे शेअर अमेरिकेच्या बाजारात आले. आपल्याकडे मात्र घरून काम म्हणजे काय, हे बहुतेकांना मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतरच कळलं. पुण्याची मुलं लॅपटॉप घेऊन गावी आली आणि गच्चीवर, गोठ्याशेजारी, जिथं मोबाइलला रेंज मिळेल तिथं बसली. पुढे बहुतेक परत गेली. टीसीएसनं २०२० मध्ये सांगितलं होतं की, २०२५ पर्यंत एका वेळी चौथा हिस्साच माणसं कचेरीत लागतील. त्याच कंपनीनं १ ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत बोलावलं. सवलत म्हणून दिलेलं घरून काम कधीही काढून घेता येतं. जिथं कचेरीच नाही, तिथं मात्र बोलावणार कुठं?

अशा कंपनीत दिवस कसा जातो? पहिली गोष्ट म्हणजे, तिथं बोलण्यापेक्षा लिहिणं जास्त. कुठला निर्णय का घेतला, हे लिहून ठेवावंच लागतं. कारण तुम्ही काम संपवता तेव्हा दुसऱ्या देशातला सहकारी नुकता उठलेला असतो. आपल्या मराठी शाळांतल्या मुलामुलींना याचा मोठा फायदा आहे. बैठकीत फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्यापुढे आपण दबतो. लिहिताना मात्र विचार करायला उसंत मिळते, वाक्य दोनदा वाचता येतं. तिथं तुमचा उच्चार कुणी ऐकत नाही, मुद्दा पाहतात.

दुसरी बाजूही आहे. नवख्याला शेजारच्याच्या पडद्यावर डोकावून जे शिकता येतं, ते इथं मिळत नाही. चहाच्या टपरीवर सहज सुटणारी अडचण इथं चार ओळी लिहून विचारावी लागते आणि उत्तराची वाट बघावी लागते. कोरडा, तुटक निरोप आला की समोरचा रागावला आहे की नुसता घाईत आहे, ते कळत नाही. आठवडा-आठवडा घरच्यांखेरीज कुणाशी मोकळं बोलणं होत नाही. वीज गेली तर इन्व्हर्टर हवा, आणि रस्ता खोदताना केबल तुटली तर मोबाइलवर भागवावं लागतं.

आणि घर? घरातल्या माणसाला आपण कामावर आहोत हे पटवणं, हे सगळ्यांत अवघड काम. "घरीच आहेस ना, मग तेवढं दळण टाकून ये." "पाहुणे आलेत, जरा चहा ठेव." पुरुषाच्या वाट्याला हे थोडं कमी येतं, बाईच्या वाट्याला जास्त. पण हेही खरं की, कचेरी नाही म्हणूनच लग्नानंतर, बाळंतपणानंतर माझी नोकरी टिकली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आमच्या घरात मात्र हे समजावून सांगावं लागलं नाही, कारण घरून काम करणारी मी पहिली बाई नव्हेच. माझ्या सासूबाईंनी अनेक वर्षं विड्या वळल्या. नगर शहरातल्या पद्मशाली समाजाच्या वस्त्यांत आणि आमच्या संगमनेरात विडीनं हजारो घरं चालवली. कारखान्यातून पानं आणि तंबाखू मोजून आणायची, पानं भिजवायची, कापायची, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या आणि नेऊन द्यायच्या. मजुरी हजारावर. त्यातल्या खराब ठरवलेल्या विड्या बाजूला काढत, ती छाट. छाटीचे पैसे नाहीत.

मी काय काम करते, असं त्यांनी एकदा विचारलं. मी सांगितलं, "आई, दुसऱ्यानं केलेला प्रोग्रॅम मी तपासते, दोष असला तर परत पाठवते." त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे तू छाट करतेस म्हण की! आणि तुझी छाट कोण करतं गं?"

प्रश्न नेमका होता. घरी बसून काम करणाऱ्यावर मालकाची नजर नसते. मग तो नोकर की स्वतंत्र धंदेवाला? विडीच्या धंद्यात हा वाद अनेक वर्षं चालला. मालकांचं म्हणणं, या बाया घरी बसून, हव्या त्या वेळी काम करतात, त्या आमच्या नोकर कशा? १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं घरखेपेच्या कामगारांनाही कामगार मानलं. आणि १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भविष्य निर्वाह निधीच्या प्रकरणात सांगितलं की, घरी विड्या वळणारेही कर्मचारीच आहेत. त्याचं कारण लक्षात घेण्यासारखं आहे. माल नाकारण्याचा हक्क ज्याच्या हाती आहे, त्याचं कामावर नियंत्रण आहेच, मग तो शेजारी उभा असो वा नसो. सासूबाईंच्या भाषेत सांगायचं तर, छाट करतो तो मालक.

हे सगळं आता सांगण्याचं कारण असं की, तोच वाद संगणकाच्या पडद्यावर पुन्हा उभा राहिला आहे. परदेशातल्या पुष्कळ कंपन्या आपल्या मुलांना नोकर म्हणून घेत नाहीत, 'स्वतंत्र सल्लागार' म्हणून करार करतात. रक्कम डोळ्यांत भरते. पण त्यात भविष्य निर्वाह निधी नाही, उपदान नाही, पगारी रजा बहुधा नाही. आगाऊ कर आपला आपण भरायचा. घरकर्जासाठी बँकेत गेलं की पगाराची पावती मागतात, ती नसते.

मी स्वतः आधी अशा एका परदेशी कंपनीचं काम करत होते. वेळा त्यांनी ठरवलेल्या, काम त्यांनी वाटलेलं, तपासणीही त्यांची. दोन वर्षांनंतर एका संध्याकाळी संगणकानं पासवर्ड घेतला नाही. थोड्या वेळानं दोन ओळींचा मेल आला, करार संपला. कचेरी असती तर निदान टेबल आवरायला जाता आलं असतं, चार माणसं भेटली असती. इथं मी स्वयंपाकघरात होते, आणि नोकरी गेली हे शेजारच्या खोलीतही कुणाला कळलं नाही. त्या रात्री सासूबाईंनी एवढंच विचारलं, "पुस्तकात नाव होतं का तुझं?" विडी कारखान्याच्या पुस्तकात नाव असणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं.

१९६६ चा तो कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्ये सामावला गेला आहे. कायदे बदलतील, नावं बदलतील, पण सासूबाईंचा प्रश्न प्रत्येक पिढीला विचारावा लागणार आहे.

तेव्हा घरबसल्या नोकरीचं पत्र हाती पडलेल्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना एवढंच सांगणं आहे. आकडा बघण्याआधी चार गोष्टी वाचा. पत्रात तुम्हाला कर्मचारी म्हटलं आहे की सल्लागार? भविष्य निर्वाह निधी आहे का? काम थांबवायचं तर किती दिवस आधी सांगणार? आणि कामाचे तास कोणत्या देशाच्या घड्याळानं? सल्लागार म्हणून घेत असतील तरी हरकत नाही, पण मग निधी, विमा आणि अडचणीच्या महिन्यांची पुंजी यांचा खर्च त्या रकमेतून आधी वजा करा, आणि उरेल त्याला पगार म्हणा.

घरच्यांना एक विनंती. दार लावून बसलेली सून किंवा मुलगा कामावर आहे, असं समजा. दळण संध्याकाळी टाकता येईल.

आपल्या जिल्ह्यानं माणसं बाहेर पाठवली, ती इथं काम नव्हतं म्हणून. आज थोडंसं का होईना, काम घराच्या उंबऱ्याच्या आत येतं आहे. ते येऊ द्या. मात्र त्याच्याबरोबर कामगाराचे हक्कही उंबऱ्याच्या आत आले पाहिजेत, एवढं बघा.